क्लाइव्हची लाल गाडी

लाँसेस्टन शहराजवळच्या डोंगरावरच्या शर्यतीत गाड्या तपासायला नेरिडा बॉनिक उभी राहिली की भले भले ड्रायव्हर नरमाईने बोलत. पूर्वी ती क्लाइव्ह हेस्केथच्या गॅरेजात कामाला होती. तिचा भाऊ रॉस याच डोंगरावर शर्यतीत उतरला आणि भर वळणावर त्याचं चाक निखळलं. उजवा पाय गुडघ्यापासून गेला. चाकाचे नट क्लाइव्हने घाईघाईत, गाडी जॅकवर असतानाच मशीनने आवळले होते. चौकशीत मात्र तो म्हणाला, "चाकं नेरिडाने बसवली." मालकाचा शब्द! तिला गावात कोणी काम देईना; परगावी राबून ती पुढे तपासनीस झाली. सख्खी आई मरेपर्यंत तिच्याशी धड बोलली नाही.

तोच क्लाइव्ह त्या रविवारी लाल स्पोर्ट्स कार घेऊन रांगेत आला. नेरिडाने नटाला पाना लावला. नट सहज फिरला. दुसराही.

करावी तपासणीच्या कागदावर सही, जाऊ द्यावा वर! विचार असा गोड की तिचा हात कागदाकडे गेलासुद्धा. मग वाटलं, मेला तर सुटेल लेकाचा.

"नट कोणी आवळले रे?"

"मीच. का गं?"

"गाडी खाली टेकवून, पान्याने, माझ्यासमोर आवळ."

माणसं जमली. क्लाइव्ह घामाघूम होऊन शेजारशेजारचे नट आवळू लागला.

"शेजारचा नाही, समोरचा! चाक तिरकं बसेल." कोणीतरी फिस्सकन हसलं.

शेवटच्या नटावर पाना 'कट्' वाजला, म्हणजे नट पुरेसा घट्ट बसला. क्लाइव्हने कागद पुढे केला.

"रॉसचं चाक कोणी बसवलं होतं?"

"इथे कशाला ते, नेरिडा..."

"इथेच. सगळे आहेत."

"मी."

"मोठ्याने बोल."

"मी बसवलं होतं! झालं समाधान? कर सही."

नेरिडाने पेन खिशात टाकलं. "सैल चाकं घेऊन आलास. आज तुझी गाडी वर जाणार नाही."

"अगं, पण मी कबूल केलं ना!"

"सही देईन असं मी कधी म्हटलं?"

दुपारी तिने रॉसला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "माझा पाय येतोय का परत?"

"नाही."

"मग काय मिळवलंस?"

"बरं वाटलं," ती म्हणाली.

समोर क्लाइव्ह एकटाच गाडी ट्रेलरवर चढवत होता. मदतीला कोणी गेलं नाही. नेरिडाने स्टॉलवरून गरम मटण पॅटिस घेतलं आणि ट्रेलर फाटकाबाहेर जाईपर्यंत उभ्या उभ्या, चवीने खाल्लं.