दादा बारीक झाला तेव्हा

दादा गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी त्याच्यासाठीच मोसंबीचा रस गाळत होते. रडू नंतर आलं. आधी भीती आली, आणि खरं सांगते, ती अजून गेलेली नाही... माझ्या या थोरल्या भावाला फुप्फुसाचा टीबी होता, आणि वहिनी गेल्यापासून तो दिलसुखनगरला आमच्याच घरी राहत होता.

जामबागच्या शाळेत त्याने जन्मभर गणित शिकवलं. अंगाने धिप्पाड, जिभेचे लाड करणारा, शुगरचा जुना पेशंट. त्याच्या वजनामागे आम्ही सगळे हात धुऊन लागलो होतो. त्यामुळे तो बारीक होऊ लागला तेव्हा पेढे वाटायचेच काय ते राहिले होते! बागेतले सोबती म्हणायचे, "क्या मास्टर साब, एकदम जवान दिख रै!" स्वारी खूश. कोठी बाजारातल्या शिंप्याकडे जाऊन सगळ्या पँटी कमरेत आत घेऊन आला. खोकला सिगारेटचा, घाम उन्हाळ्याचा, थकवा वयाचा... आमच्याकडे सगळ्याला उत्तर तयार. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचा, "नक्को गं, उगं परेशान नको करू."

थुंकीतून रक्त पडलं तेव्हा कुठे तपासणी झाली. डॉक्टर मला म्हणाले, "अम्मा, उमर, शुगर, सिगरेट, तीनों मिल गए." हा जंतू म्हणे वर्षानुवर्षं अंगात निजून राहतो आणि शरीराचा जोर ओसरला की उठतो. औषधं लगेच सुरू झाली, पण ती सोसायला दादाच्या अंगात काही उरलंच नव्हतं.

घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलगा, सून, नात जाऊन आले, तिघंही ठीक आहेत. राहिले मी. सत्तरीची, वर शुगर. रोज उद्या जाते म्हणते. कागदावर काय येईल या विचाराने पायात घातलेली चप्पल परत काढून ठेवते.

सकाळी चहा हवा असला की दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसता खाकरायचा. तेवढ्यावर मी आधण ठेवायची. आज पोह्यांसाठी कांदा चिरताना तस्साच आवाज आला. दचकून दाराकडे पाहिलं, कुणी नव्हतं... मीच खोकले होते. हॉलमधला टीव्ही बंद झाला. मुलगा दारात येऊन उभा राहिला.

"आई, हे कधीपासून?"

"काही नाही रे, फोडणीचा ठसका," मी म्हणाले.

गॅस मी अजून पेटवलाच नव्हता.