जनरल शिफ्टची बस

सायकल स्टँड पाडून तिथे गाड्यांचं पार्किंग करायचं, अशी ऑर्डर सकाळीच माझ्या टेबलावर आली. मी तेव्हा जाम गावाजवळच्या एका सूतगिरणीत ॲडमिन ऑफिसर होतो. निवृत्तीला वर्ष उरलं होतं.

सही न करताच मी स्टँडवर गेलो. नोकरीच्या सुरुवातीला मी जाममध्येच खोली करून राहायचो आणि इथेच सायकल लावायचो. तेव्हा सुपरवायझरही सायकलनेच यायचे. सुट्टी झाली की गप्पा मारत आम्ही सात-आठजण रस्ताभर पसरून जायचो. पुढे हिंगणघाटला घर झालं, कार आली, आणि सगळं सुटलं.

स्पिनिंग खात्यातल्या, म्हणजे सूत कातणाऱ्या मशीनवरच्या शेवंताबाई सायकल लावत होत्या.

"साहेब, शेड पाडून राह्यले म्हणतेत?"

"विचार चालू आहे."

"मंग सायकली उन्हात ठेवाच्या का? ट्यूब फुटतेत. आमच्या गावच्या चौघींले दुसरं साधन नाई."

मी जनरल मॅनेजरकडे गेलो.

"सर, एकेका गाडीत एकेक माणूस येतो. आपली जनरल शिफ्टची, म्हणजे ऑफिसच्या वेळेची बस हिंगणघाटहून अर्धी रिकामी येते. ऑफिसर बसने आले तर आहे तेच पार्किंग पुरेल."

"तुम्ही कशाने येता?"

माझी कार बाहेरच उभी होती.

"आधी तुम्ही येऊन दाखवा. महिनाभर ऑर्डर थांबवतो."

दुसऱ्या दिवशी मी चढलो तशी बस एकदम शांत झाली. फिटर गजाननभाऊ सरकले.

"बसा साहेब. गाडी बिघडली काय?"

"नाही. आता बसनेच येणार."

"काऊन?"

मी कारण सांगितलं. ते मोठ्याने हसले. "मंग खिडकीपाशी बसा!"

आठवड्याभरात कोणाची तूर फुलली, कोणाची मुलगी नर्स झाली, सगळं कळू लागलं. त्या सायकलच्या दिवसांनंतर इतकं बोलणं झालंच नव्हतं. क्लच दाबून गुडघा दुखतो म्हणून लॅबच्या मॅडम आल्या. मग अकाउंट्सचे दोघे, मग स्टोअरवाले. महिनाअखेर पार्किंगमध्ये जागा उरू लागली. ऑर्डर रद्द झाली.

सर्क्युलर काढून कोणी कारमधून उतरत नाही. आधी आपल्याला उतरावं लागतं. जनरल मॅनेजर मात्र शेवटपर्यंत बसने आले नाहीत.