वाफेत काय होतं?

देवासमोर रोज हात जोडायचो, पण खरं सांगायचं तर माझा भरवसा औषधांवर होता. गारखेड्यात माझं औषधांचं दुकान. तीस वर्षं बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचण्यात गेली. त्यामुळे बायपासनंतर चौथ्या दिवशी छातीत कफ दाटला, तेव्हा देवाच्या आधी औषधांची नावंच आठवली. डॉक्टर म्हणाले, कफ सुटला नाही तर घशात पुन्हा नळी घालावी लागेल. वॉर्डात तेव्हा दोन औषधांची तुलना चालली होती. दोन्ही वाफेतून द्यायची. एकानं श्वासनळ्या रुंदावतात, दुसऱ्यानं कफ पातळ होतो. कुणाला कोणतं मिळतंय, हे पेशंटला माहीत नाही आणि देणाऱ्या सिस्टरलाही नाही. संमतीची सही मी केली खरी, पण ते न कळणं मला सोसेना.

मग माझा शोध सुरू झाला. मास्क तोंडावर असताना जिभेनं चव घ्यायची, वाफ संपली की मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची. शेजारच्या खाटेवर करमाडकडचा एक मेंढपाळ होता, फुप्फुसाचं ऑपरेशन झालेला. त्याच्या बाटलीवर निळी पट्टी, माझ्या बाटलीवर पिवळी.

"तुमच्या वाफेची चव कशी लागते हो?" मी विचारलं.

"खारट. डोळ्यातलं पाणी तोंडात गेल्यावानी."

माझी तर किंचित कडसर, आणि नंतर छाती धडधडायची. मिठाच्या पाण्याची वाफ कफ पातळ करते आणि श्वासनळ्या रुंदावणाऱ्या औषधानं छाती धडधडते, हे मला दुकानामुळे ठाऊक. म्हणजे कफ पातळ करणारं औषध त्याला आणि मला दुसरंच! हवं ते औषध देवानं चुकीच्या खाटेवर धाडलं, अशी माझी खात्रीच झाली. दुपारची वाफ लावून सिस्टर पलीकडे गेली, तेव्हा मी हळूच म्हणालो, "एकदा मास्क बदलून घ्यायचे का?" हे करू नये, हे त्या वॉर्डातल्या पेशंटांत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो लगेच मास्क काढू लागला. "घ्या की. तुमाला बरं वाटत असंल तर घ्या. मला कुठलंबी चालतंय."

त्याचा स्वतःचा श्वास अजून धापेवर होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मान हलवून नको म्हटलं आणि तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. नेहमीसारखी मी ती दाबली. छातीचं हाड कापून तारेनं जोडलेलं. खोकलो तर सगळं उसवेल, ही भीती मी चार दिवस कुणालाच सांगितली नव्हती.

त्याची बायको खाटेशी खाली बसली होती. ती उठून माझ्याकडे आली. "दादा, खोकत काहून नाय तुमी? भ्या वाटतंय व्हय?" तिनं माझी उशी छातीवर ठेवली आणि वरून दोन्ही तळहात दाबून धरले. "नव्या कोकराच्या नाकातोंडातला चिकटा काढावाच लागतो, नायतर गुदमरतंय ते. म्या धरलंय. खोका आता."

मी खोकलो. कळ मस्तकात गेली, पण तिनं हात काढले नाहीत. तिसऱ्या खेपेला कफाचा गोळा सुटला आणि हवा पार तळापर्यंत उतरली. धावत आलेली सिस्टर म्हणाली, "अहो काका, हेच तर रोज सांगत होते मी!" मी तिला मास्कचाही बेत सांगून टाकला. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी नळीचा विषय सोडून दिला.

वाफेनं कफ आधीच सैल केला असेल, किंवा त्या हातांनी धीर दिला असेल. मी ठरवू शकत नाही. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचं तपासून झालं की कोणतं औषध होतं ते कळेल. कुतूहल अजून आहे, खोटं कशाला बोलू? देवाला शरण जायचं म्हणजे विचारणं सोडायचं, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात भीती तेवढी सोडावी लागली, आणि तीही कुणीतरी धरलं तेव्हाच सुटली.

ती दोघं घरी निघाली, तेव्हा मी तिचे उपकार बोलून दाखवू लागलो. ती संकोचली. "म्या काय केलं? धरलं फकस्त."

मी हात जोडले आणि छातीचे टाके वाकू देतील तितका वाकलो.