देव्हाऱ्यातलं गाडीचं पुस्तक

"चहा पाजला म्हंजी पार्ट दिला व्हय?" धुरपदाबाईंनी परात आपटली.

"अगं, शोरूमचा साहेब उठून उभा राह्यला. मला 'आप्पा' म्हणाला," रखमाजी म्हणाले.

"आन् गाडी? ती उठली का?"

गाडी पाच महिने अंगणात उभी होती. गिअरबॉक्समधलं तळहाताएवढं दातेरी चाक मोडलं होतं. दौंडचा मिस्त्री बसवून द्यायला तयार होता. त्याला चाक हवं होतं, नाहीतर निदान चाकाचा पार्ट नंबर, म्हणजे ते बाहेरून मागवता आलं असतं. पुण्याच्या शोरूमनं दोन्ही नाकारलं. मॉडेल बंद झालंय, नवी घ्या. आणि नंबर बाहेरच्या मिस्त्रीला सांगत नाहीत. जणू गुरुमंत्रच.

वरवंड गावात धुरपदाबाईंच्या शेवंतीचं नाव होतं. पण फुलं पहाटे मार्केटला पोचली तर फुलं, उन्हं वर आल्यावर पोचली तर पाला. पाच महिने ती लोकांच्या टेम्पोत कांद्याच्या गोण्यांशेजारी चेंगरत जात होती. परवा अडत्याचा निरोप आला, असाच माल असेल तर पाठवू नका.

आणि हे चार वेळा शोरूमला जाऊन आले. दर वेळी इस्त्रीची टोपी, दर वेळी साहेबाला पिशवीभर शेवंती. रिकाम्या हातानं जायचं नाही, ही घराण्याची रीत. पार्ट देत नाही असं लिहून द्या, हे म्हणायला मात्र जीभ रेटेना. बापानं तोंडच्या शब्दावर मेंढरं दिली-घेतली; साहेबाकडं कागद मागणं म्हणजे पाहुण्याचा अपमान!

सून शितल बारावी झालेली. ती म्हणाली, "आत्याबाई, गाडीबरोबर पुस्तक आलं आसंल की."

आलं होतं. गाडीच्या पूजेदिवशी रखमाजींनी ते लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. सहा वर्षं त्याला हळदकुंकू वाहिलं, उघडलं एकदाही नाही.

शितलनं चिकटलेली पानं सोडवली आणि वाचलं. मॉडेल बंद झालं तरी दहा वर्षं सुटे भाग देऊ, असं कंपनीनंच छापलं होतं.

रखमाजी खाकरले. "साहेबाला ठावं नसंल. मी जाऊन गोडीनं सांगतो."

"पाचव्यांदा?"

"तक्रार केली तर त्यास्नी वाईट वाटंल."

धुरपदाबाईंनी हाताचं पीठ झटकलं.

"गाडी माझ्या नावावर हाय. सोमवारी मी पुण्याला ग्राहक मंचात तक्रार देणार. शितल माझ्यासंगं येईल. तुम्ही घरी राहा."