गाडीचं नाक उजवीकडेच का उचललं?

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण नेरजवळची ती लाल गाडी अजून डोक्यातून जात नाही.

वाहतुकीला न उघडलेल्या बायपासवर परवानगी काढून मोटारींची शर्यत भरली होती. दोन गाड्या, सरळ रस्ता, आधी पोहोचेल तो जिंकला. लाल गाडी सुटताच डावीकडे ओढली गेली, गरकन फिरली आणि तिचं उजवं चाक पुलाच्या कठड्यावर आदळलं. चालवणाऱ्या तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं.

त्याची आई दवाखान्यातून थेट आमच्या पोलीस ठाण्यात आली. "त्या मिस्त्रीनंच नट सैल केला, साहेब. पोरानं त्याले कामावरून काढलं मनून." उजव्या चाकाचा स्टिअरिंग रॉड खरोखरच निखळलेला होता. त्यातच एका पानठेलेवाल्याने आमच्या हवालदाराला खबर दिली की, शर्यतीच्या सकाळी मिस्त्री गाडीखाली शिरला होता. मी त्याला अटक केली.

खोटं बोलणारा माणूस विचारलं त्याहून जास्त बोलतो, असा माझा अनुभव. हा मात्र एकच उत्तर धरून बसला.

"काहून शिरला होतास गाडीखाली?"

"नट कसायले गेलतो, साहेब. मले काढलं त काढलं, पण गाडी त म्याच बांधली होती न."

कबुली झाली का, म्हणून वरून फोन येऊ लागले. फोनवर कबुली घेता येत नाही, असं मी सांगून टाकलं. आरटीओच्या निरीक्षकांनी चाकांची हवा, स्प्रिंग, शॉकअप, सगळं तपासलं. रॉड आधी सुटला की आदळल्यावर, हे सांगता येत नाही, असा त्यांचा अहवाल आला. एवढ्यावर कुणाला तुरुंगात धाडायची माझी तयारी नव्हती.

मी प्रेक्षकांच्या मोबाइलमधले व्हिडिओ मागवले आणि डोळे दुखेपर्यंत पाहिले. अशा गाडीचे पुढचे स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवतात. सुटताना नाक वर उचललं की वजन मागच्या चाकांवर जातं आणि गाडी जोरात निघते. या गाडीचं नाक उजवीकडेच उचललेलं दिसत होतं. डावी बाजू जमिनीला धरून होती. म्हणजे बिघाड मोडलेल्या चाकात नव्हता, चांगल्या चाकात होता.

ठाण्याच्या आवारात पंचांसमोर गाडी जॅकवर चढवली. उजवं चाक खाली लोंबलं, डावं वरच अडकलं. आत चाक धरणाऱ्या आर्मपासून गाडीच्या चेसिसपर्यंत जाड काळी नायलॉनची दोरी घट्ट आवळलेली होती. गाडी जमिनीवर असताना ती कुणाच्या आड येत नव्हती. सुटताना नाक उचललं तेव्हा मात्र तिने डावी बाजू धरून ठेवली आणि गाडी तिकडेच ओढली गेली. निरीक्षकांनी ती पाहिली होती, मीही पाहिली होती. पण नजर लागू नये म्हणून बांधलेल्या दोरीला आपल्याकडे गाडीचा भाग कोण समजतो?

आईला बोलावलं. दोरी पाहताच तिने ती ओळखली.

"कळंबले चिंतामणी गणपतीच्या पायाशी ठिवून आणली होती," ती म्हणाली. "बंपरले बांधली त पोरगा कापून फेकते. मनून शर्यतीच्या आधी पूजेच्या वक्ती आतून बांधली, त्याले दिसू नाई मनून. पोराले सांगू नका, साहेब."

"पोराला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा," मी म्हणालो. "पण मिस्त्रीला हे तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे." मला तिची कीव आली होती, पण कोठडीत बसलेल्याची जास्त येत होती.

मिस्त्रीला बाहेर आणलं. तिने अडखळत सगळं सांगितलं. तो चिडेल असं मला वाटलं होतं. त्याने दोरी बोटाने ओढून पाहिली.

"काकू, मले एक शबद इचारलं असतं," तो म्हणाला, "त बंपरच्या मांगं म्याच बांधून देल्ली असती."

तिने त्याच्यापुढे हात जोडले.

तक्रार गैरसमजातून झाली म्हणून मी न्यायालयाला 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवला आणि त्याची सुटका झाली. गुन्हा घडला की आम्ही आधी वैर शोधतो, कारण ते पटकन सापडतं. मायेची झडती कुणी घेत नाही. त्या दिवसापासून मी तीही घ्यायला लागलो.