सासूबाईंचा आवाज आणि गांधीलमाशी

माझ्या सासूबाई, मालूबाई, आमच्या ओसरीवर बोलल्या की नदीच्या राजघाटावर कपडे धुणाऱ्या बायका मान वर करून बघतात, असं माझे सासरे, म्हणजे बाबा, म्हणतात. मला त्यात फारसं खोटं वाटत नाही. भाजीवाल्याशी घासाघीस असो की देवाची आरती, सूर एकच.

भीती म्हणून ठाऊकच नव्हती त्यांना. गांधीलमाशीचं पोळं दिसलं की काठीला चिंधी बांधायची, रॉकेल ओतायचं आणि भर दुपारी पेटवायची. गेल्या वर्षी मार्चात कूलर उघडला तर आत हे एवढं पोळं. मी नको नको म्हणत होते. "मले काय शिकवून राहिली? माहेरी केळीच्या बागेत किती जाळले असे!" पेटती काठी आत गेली, चिडलेल्या माश्या बाहेर आल्या, आणि शेजारी पेपर वाचत बसलेल्या बाबांच्या मानेला डसल्या. काठी धरणारीला एकही नाही!

बघता बघता बाबांच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. शेजारच्या प्रशांतनं गाडी काढली म्हणून दवाखाना गाठता आला. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात. आता पुन्हा डंख झाला तर जिवावर बेतेल." घरी आल्यावर सासूबाई जेवल्या नाहीत. "माझ्या हातानं झालं," एवढंच म्हणाल्या. त्यांचा तो चेहरा मला बघवला नाही.

ती काठी त्यांनी स्वतः मोडून चुलीत घातली. तेव्हापासून सकाळचा चहा नंतर, आधी घराची फेरी. जिन्याखाली, छज्ज्याला, कूलरच्या मागे. कागदासारखं, उघड्या भोकांचं, लोंबतं काही दिसलं की ते गांधीलचं. मग बाबा खोलीत, दार बंद, आणि पोळं काढणाऱ्या भाईदासला फोन. तो अंगभर जाड कपडे घालून अंधार पडल्यावर येतो. भिंतीला मातीचं घर दिसलं तर ते कुंभारीण माशीचं. तिला मात्र अभय. "एकटा जीव बिचारीचा, कोणाच्या वाटेले जात नाही. राहू दे तिले."

खरी पंचाईत झाली बाबांची. त्यांचा जीव मावा जिलेबीत, आणि पाकाच्या वासानं गांधील हमखास येते. म्हणून जिलेबी खोलीत बसून, जाळीचं दार लावून खायची, असा हुकूम निघाला. बाबा त्याला जन्मठेप म्हणतात.

परवाच्या रविवारी सासूबाई देवळात गेल्याचं बघून कैद्यानं डबा उचलला आणि ओसरी गाठली. मी आत कुकर लावत होते. बाहेर आले तर सासूबाई फाटकात उभ्या, आणि बाबांच्या बोटावर पिवळीधमक गांधील, पाक चाटत बसलेली. बाबांनी ती झटकायला दुसरा हात उचललेला.

आता या ओरडणार, बाबा दचकणार, आणि माशी डसणार.

"अहो."

कोण बोललं ते मला कळेना. इतका मऊ आवाज!

"हात खाली घ्या. हळू. बिलकुल हालू नका. तिले खाऊ द्या, पोट भरलं की जाईल ती."

बाबांचा हात हळूहळू मांडीवर आला. आत कुकरची शिट्टी झाली, तरी कोणी हललं नाही. माशी बोटावरून मनगटावर आली. सासूबाईंचे ओठ हलत होते, पण त्यातून आवाज फुटत नव्हता. माशीनं निवांतपणे मिशा पुसल्या आणि उडून कडुनिंबाकडे गेली.

सासूबाई होत्या तिथंच पायरीवर बसल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. मीही रडले, लपवू कशाला! मग त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि कडाडल्या, "उठा! हात धुवा आधी! डबा इकडे! या वयात चोऱ्या करून राहिले!"

पांढरेफटक पडलेले बाबा आता कुठे हसले.

"ओरड, मालू, ओरड," ते म्हणाले. "तू हळू बोलली ना, मले वाटलं, मी गेलोच."