काचेवरचे दोन ठिपके

दाखल्यांच्या कचेरीत मी एकतीस वर्षं शिपाई होतो, तेव्हा गोष्टींचा मला तोटा नाही. पण वादळबाईंची गोष्ट सांगायला बसलो की अजून तळहाताला घाम येतो. बाई आमच्या टायपिस्ट. त्यांची बोटं चालू लागली की बाहेरच्याला वाटायचं, आत पत्र्यावर गारा पडताहेत, म्हणून वादळबाई. कळांकडे त्या कधी बघायच्याच नाहीत. नजर समोरच्या भिंतीवर. अर्जही स्वतः वाचायच्या नाहीत. "तुम्हीच मोठ्यानं वाचा, म्हणजे चूक तुमची," असं लोकांना दटावायच्या. आम्हाला वाटायचं, हा बाईंचा तोरा.

त्यांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले असताना कचेरीत नवे संगणक आले. कळफलकच नाही! टेबलावर नुसती काळी सपाट काच, तिच्या पोटात उजळणारी अक्षरं. साहेब नव्या नवरदेवासारखे खूश. लोकांचं मात्र धाबं दणाणलं.

"ही पाटी का आरसा?"

"हात लावू नका, झटका बसेल!"

"अहो, आवाजच नाही. नाव आत गेलं की हवेत, कळायचं कसं?"

एक आजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाळा, माझा हयातीचा दाखला जुन्यावरच काढ रे. त्या काचेनं मला पुसलं तर मी कुणाकडे जाऊ?"

मी पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी काचेवर दोन्ही हात ठेवले आणि अंधारात कडी चाचपावी तसे फिरवत राहिल्या. जुन्या कळफलकावर मधल्या ओळीतल्या दोन कळांना बारीक उंचवटा असायचा. बोटं तिथे टेकली की बाकीची अक्षरं आपोआप सापडायची. काचेला कुठला उंचवटा? त्या दिवशी बाईंनी डबासुद्धा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या, आणि वादळ पुन्हा सुरू झालं, फक्त आवाजाविना.

आठवड्यानं साहेबांनी मला काचा पुसायचं काम लावलं. बाईंच्या काचेवर कागदाचे दोन ठिपके चिकटलेले, पंचिंग मशीनमधून पडतात तसले. म्हटलं, केवढी ही घाण! नखानं खरवडले आणि काच अशी घासली की तिच्यात मला माझी मिशी दिसली.

पहिलाच आला एक सुतार, मुलीच्या जन्मदाखल्यासाठी. त्यानं वाचलं, बाईंनी टाइप केलं, कागद छापून बाहेर आला. सुतार बघतच राहिला.

"बाई, हे माझ्या मुलीचं नाव आहे की कुणाची शिंक?"

कागद हातोहात फिरला. सगळी अक्षरं भलतीच. "गिळलं! काचेनं नाव गिळलं!" कुणीतरी ओरडलं आणि खिडकीतून वीसएक हात आत घुसले. "माझा अर्ज परत द्या! आधी माझा!"

साहेब धावत आले. कागद बघितला, संगणकाचा पडदा बघितला, मग बाईंकडे वळले. "बाई, एवढी मोठी अक्षरं समोर उमटत होती. तुम्हाला दिसलं नाही?"

बाईंचा चेहरा पांढराफटक. बोटं मात्र काचेवर गोल गोल फिरत होती, नेमकी माझं नख फिरलं होतं तिथे. ती भिंतीवरची नजर, ते लोकांकडून वाचून घेणं, मी बोलायच्या आत माझ्या वहाणांच्या आवाजावरून मला ओळखणं... बाईंना दिसतच नव्हतं! साहेबांना हे कळलं असतं तर अकरा महिने कुठले, त्याच संध्याकाळी घरी. आणि घरात शिकणारी मुलगी, दुसरं कमावतं कुणी नाही.

"साहेब, चूक माझी!" मी ओरडलोच. "ओल्या फडक्यानं पुसली काच. पाणी राहिलं असणार."

"अडाणी आहेस का रे?"

"सातवी पास, साहेब."

गर्दी हसली, हात जरा मागे गेले. "दहा मिनिटं वाळू दे," म्हणत साहेब सुताराला चहा पाजायला घेऊन गेले.

मी पंचिंग मशीनमधले दोन ठिपके आणि डिंकाची बाटली फडक्याखाली घेऊन वाकलो.

बाई पुटपुटल्या, "भाऊ, तुम्हीच काढलेत?"

"हो, बाई."

"मुलीनं लावून दिले होते ते. आता तुम्हीच लावा. मधल्या ओळीत डावीकडून चौथं अक्षर. मग दोन सोडून पुढचं."

घाईत पहिला ठिपका माझ्या बाहीलाच चिकटला.

साहेब परतले. सुतारानं पुन्हा वाचलं. कागद बाहेर आला, आणि सुतार एकेक अक्षरावर बोट ठेवत वाचू लागला. आम्ही दोघं श्वास धरून. "हां, हीच आमची पोरगी!"

साहेबांनी काचेवरून अंगठा फिरवला. तो ठिपक्याशी अडला. "हे काय?"

"वाळायचं राहिलंय, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बराच वेळ बघितलं, अंगठा पँटला पुसला आणि निघून गेले. त्यांना काय कळलं, काय नाही, देव जाणे. ते अकरा महिने मी दोन ठिपके सोडून काच पुसली, आणि रोज सकाळी बाईंची बोटं तिथे टेकेपर्यंत माझा जीव टांगणीला असायचा.

शेवटच्या दिवशी साहेबांनी निवृत्तीचा कागद बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उलगडला आणि माझ्यापुढे धरला.

"वाचा, भाऊ. मोठ्यानं. चूक निघाली तर तुमची."